रस उरतो तो कोठे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५९ वा श्लोक भाषांतराच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाच्या हाताखालून अनेकदा गेला आहे. विषयांचे सेवन थांबविणाऱ्या मनुष्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांविषयीचा 'रस' दूर होत नाही, तो परतत्त्वाच्या दर्शनानेच निवृत्त होतो, असा त्याचा स्थूल आशय. या 'रस' शब्दाचा अर्थ श्रीशंकराचार्यांनी राग, म्हणजे आसक्ती, असा केला. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी रसनेकडे बोट दाखविले आणि वरवर पालवी खुडून मुळाशी पाणी घालीत राहिल्यास वृक्षाचा नाश कसा व्हावा, असे विचारले. मी 'गोडी' हा शब्द योजिला होता व त्यावर संतुष्ट होतो. तो शब्द मला का खोडावा लागला, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

दिल्लीतील आर. के. पुरम ही मुख्यत्वे सरकारी नोकरदारांची वसाहत. तेथील एका मराठी घरी दर गुरुवारी सायंकाळी मी गीता सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रोत्यांपैकी पन्नाशीचे एक सद्गृहस्थ सर्वजण गेल्यावर मागे थांबले आणि मान खाली घालून म्हणाले, "शास्त्रीबुवा, मी रोज मद्य घेतो. सकाळी घेतल्यावाचून सही करता येत नाही, हात कापतो."

मी त्यांना काय सांगितले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल. आपणच आपला उद्धार करावा, हा सहाव्या अध्यायातील उपदेश ऐकविला, वैराग्याची महती गायिली, आणि दुसऱ्याच दिवशी मलाई मंदिराच्या पायऱ्यांवर त्यांच्याकडून, यापुढे थेंबही घेणार नाही, अशी प्रतिज्ञा करविली. परतताना मोठे पुण्यकर्म घडल्याचे समाधान वाटत होते!

दुसऱ्या रात्री त्यांच्या पत्नीचा दूरध्वनी आला. घामाने भिजलेले, तापाने फणफणलेले ते गृहस्थ भिंतीवर किडे चालत आहेत म्हणून ओरडत होते, आणि मग त्यांना आकडी आली. रुग्णालयात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितले ते कोणत्याही भाष्यात नव्हते. मद्य मज्जासंस्थेला मंद करते. वर्षानुवर्षे रोज मद्य मिळाले की मेंदू त्याच्याशी तोल सांभाळण्यासाठी स्वतःला अधिकाधिक उत्तेजित ठेवू लागतो. मद्य एकाएकी थांबले की ती उत्तेजना मोकाट सुटते. काही तासांतच कंप सुरू होतो, आकडी बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम व ज्वर उद्भवू शकतात. उपचार न झाल्यास यात प्राणही जातात. म्हणून अशा मनुष्याचे मद्य वैद्यकीय देखरेखीखाली, झटके रोखणारी औषधे व 'ब१' जीवनसत्त्व देऊन सोडवावे लागते. मी प्रतिज्ञा करविली होती. हे विचारले नव्हते.

त्या रात्री बाकावर बसलो असता आचार्यांच्या भाष्याची आठवण झाली. या श्लोकाच्या प्रस्तावनेत ते 'आतुर' म्हणजे आजारी मनुष्याचा उल्लेख करतात: विषय न सेविल्याने त्याचीही इंद्रिये आवरली जातात, पण राग आवरला जात नाही. शिकताना हा शब्द मी किरकोळ दृष्टांत म्हणून ओलांडून गेलो होतो. आता आतुर समोरच्या खाटेवर होता.

पुढचा काळ सोपा गेला नाही. शरीर आठवड्याभरात सावरले, पण झोप कित्येक आठवडे आली नाही. मन उदास राही, चिडचिड होई. पाच महिन्यांनी ते पुन्हा प्याले आणि लाजेने गुरुवारी येईनासे झाले. एका शुभचिंतकाने त्यांच्या पत्नीला अन्नातून गुपचूप देण्याची पूड आणून दिली. अशी कृती कोणत्याही गृहिणीने कदापि करू नये. मद्याविषयी तिटकारा आणणारे औषध असते खरे, पण ते रोग्याच्या संमतीने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाचे. नकळत दिल्यावर तो प्याला, तर ते जिवावर बेतू शकते.

मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार अर्जुन करतो, तेव्हा भगवंत त्याला खोडून काढीत नाहीत. ते प्रथम मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य यांचा उपाय सांगतात. मी वैराग्यच तेवढे सांगितले होते. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे, आणि पुनःपुन्हा करणे आले तेथे मध्ये चुकणेही आले. सन १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन मद्यासक्तांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना उभी राहिली; तिच्यात केवळ आजच्या दिवसापुरते न पिण्याचा निर्धार करण्यास शिकवितात. पुण्यात डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापिलेल्या 'मुक्तांगण'मध्येही रोग्याबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतात. तरीही मदत फार थोड्यांपर्यंत पोहोचते. भारत सरकारसाठी झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या तरी स्वरूपाची मदत मिळाली होती. उरलेल्यांना बहुधा माझ्यासारखे उपदेशक मिळत असावेत.

ते गृहस्थ पुन्हा रुग्णालयात गेले, तेथील समूहाच्या बैठकीस नियमाने जाऊ लागले, आणि बऱ्याच काळाने गुरुवारी परतले. त्या दिवशी योगायोगाने हाच श्लोक चालू होता. 'गोडी उरते' असे मी म्हणताच त्यांनी हात वर केला. "शास्त्रीबुवा, गोडी तर केव्हाच संपली होती. शेवटची कित्येक वर्षे मला ते आवडतही नव्हते. उरली होती ती ओढ."

घरी येऊन मी हस्तलिखितातील 'गोडी' खोडली व 'ओढ' लिहिले. माझे एक व्युत्पन्न स्नेही हा शब्द मूळ पदाच्या धात्वर्थापासून दूर जातो असे म्हणतात, आणि व्याकरणदृष्ट्या त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरी मी तो बदलला नाही.

त्या गृहस्थांना मद्य सोडून आता चार वर्षे झाली आहेत. त्यांच्या पत्नीला मात्र अजूनही रात्री आठच्या सुमारास दार वाजले की छातीत धडधडते. त्यासाठी त्या हल्ली महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जातात, स्वतःच्या नावाचा कागद काढून.