वादळ मुंबईला चुकलं, मग गेलं कुठे?

3 जून 2020 च्या दुपारपर्यंत सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष मुंबईवर होतं. करोनाची टाळेबंदी चालू, त्यात ‘निसर्ग’ चक्रीवादळ मुंबईच्या रोखाने निघालेलं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या रुग्णालयातले रुग्ण दुसरीकडे हलवले होते, विमानतळ काही तास बंद ठेवला होता, कोळीवाड्यांतल्या होड्या वर ओढून बांधल्या होत्या. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. मुंबईत झाडं पडली, पत्रे उडाले, पण ज्याची धास्ती होती ते घडलं नाही. संध्याकाळी वाहिन्यांनी संकट टळल्याचं सांगून टाकलं आणि कॅमेरे पुन्हा करोनाच्या आकड्यांकडे वळले.

त्याच संध्याकाळी आमच्या चांदवडला वारा सुटला.

चांदवड मुंबईपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, आग्रा रोडवर, सातमाळ्याच्या पायथ्याशी. रेणुकामाता, होळकरांचा रंगमहाल आणि कांदा ही गावाची ओळख. समुद्राचा आमचा संबंध म्हणाल तर वाशीच्या बाजारात कांदा घेऊन जाणाऱ्या ट्रकपुरता. घाटमाथ्यावर पाऊस अडतो आणि आमच्या वाट्याला उरलासुरला येतो. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्याला जूनच्या तिसऱ्या दिवशी पाऊस म्हणजे खरं तर पर्वणीच. शेतात तो हवाच होता. पण त्या दिवसांत आमची कमाई शेतात नव्हती, चाळीत होती.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि दिवाळीपर्यंत पुरवत पुरवत विकायचा असतो. म्हणून चाळ. तिला भिंती नसतात. बाजूंना बांबू नाहीतर जाळी, खालूनही हवा खेळती. वारा लागला तर कांदा टिकतो, दमट झाला की काजळी धरतो, मग सडायला लागतो. सरळ पडणारा पाऊस वरचे पत्रे अडवतात. आडवा पाऊस जाळीतून थेट आत येतो, आणि वादळाचा पाऊस आडवाच असतो. त्यात पत्राच उडाला तर बोलायलाच नको. रात्री बॅटरीच्या उजेडात माणसं ताडपत्र्या धरून उभी होती. ताडपत्री पूर्ण गुंडाळली तर कांदा आत उबतो, उघडा ठेवला तर भिजतो. त्या रात्री कोणी कुठला धोका पत्करला, ते कळायला पुढचे पंधरा-वीस दिवस लागले.

जमिनीवर आलं की वादळाला समुद्राची ऊब आणि बाष्प मिळेनासं होतं, डोंगररांगांच्या घर्षणाने त्याचा जोर सरतो. हवामान खातं मग त्याला तीव्र कमी दाबाचा पट्टा म्हणतं, पुढे नुसता कमी दाबाचा पट्टा. शास्त्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. 4 जूनला सकाळी ‘निसर्ग’ असाच क्षीण होऊन पश्चिम विदर्भाच्या बाजूला पोहोचला होता. पण कांद्याला ताशी शंभराचा वारा लागतच नाही. त्याचा निकाल लावायला रात्रभराचा ओलावा पुरतो. वादळाची तीव्रता वाऱ्यावर मोजली जाते आणि त्याच मापाने आपण नुकसानीचाही अंदाज बांधतो, इथेच गफलत आहे. नुकसान किती, हे त्या वाटेवर कोणी काय राखून ठेवलं होतं यावर ठरतं.

कोकणात हेच झालं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांमध्ये नारळी-पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण पोफळ धरायलाच सहा-सात वर्षं घेते. दोन तासांत पडलेली वाडी पुन्हा उभी राहीपर्यंत घरातलं मूल शाळेतून कॉलेजात जातं. सरकारने रायगडसाठी 100 कोटींची मदत जाहीर केली, फळबागांचा दर हेक्टरी 18,000 वरून 50,000 केला. ऐकायला बरं वाटतं. पण वाडी दहा गुंठ्यांची असेल, आणि तिकडे अशाच असतात, तर हिशेब पाच हजारांच्या आसपास येतो. ओरड झाल्यावर पुढे झाडामागे मदत द्यायचं ठरलं, हे नमूद केलंच पाहिजे.

मुंबईची भीती खोटी होती असं मला म्हणायचं नाही. 1882 मध्ये मुंबईत वादळाने लाखभर माणसं गेल्याची गोष्ट वर्षानुवर्षं फिरत राहिली. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा तसं वादळ झाल्याचा पुरावाच मिळाला नाही. उलट नोव्हेंबर 1948 चं वादळ खरोखर मुंबईवर आलं होतं, ते आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. शिवाय अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांच्या अभ्यासानुसार 2001 ते 2019 या काळात तिथली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली. ‘निसर्ग’नंतर वर्षभरात ‘तौक्ते’ आलं. तेही मुंबईच्या बाजूने गुजरातकडे गेलं, शहर पुन्हा वाचलं. पण बॉम्बे हायजवळ पी-305 हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार गेले. ते समुद्रात होते तेही याच शहराच्या धंद्यापायी.

चांदवडच्या पंचनाम्याची गोष्ट वेगळी. पीक नुकसानीची मदत क्षेत्रावर मिळते. तेहतीस टक्के नुकसान व्हायला हवं, तेही शेतातल्या पिकाचं. 2020 मध्ये पीक विम्यात काढणीनंतरचं संरक्षण होतं, पण ते शेतात सुकत घातलेल्या मालाला आणि फक्त चौदा दिवसांसाठी. चाळीतला कांदा यातल्या कशातच बसत नाही. त्याला हेक्टर नाही. तलाठी भला माणूस असला तरी लिहिणार कुठल्या रकान्यात?

आणि समजा रकाना मिळाला, तर भाव कुठला लावायचा? त्या जूनमध्ये कांदा क्विंटलला हजाराच्या आत होता, म्हणूनच तर लोकांनी तो ठेवला होता. ऑक्टोबरात तोच कित्येक पटींनी चढला. त्याआधी, 14 सप्टेंबरला, केंद्राने निर्यातबंदीही घातली होती. भिजून उकिरड्यावर गेलेला कांदा जूनच्या भावाने गेला की ऑक्टोबरच्या? आमच्याकडचा कोणीही शेतकरी ऑक्टोबरचाच भाव सांगेल. अधिकारी जूनचा सांगेल, आणि कागदावर त्याचंच खरं ठरेल.

गंमत अशी की चाळ बांधायला सरकारच अनुदान देतं आणि ते देताना हेक्टर विचारत नाही. चाळ किती टनांची, यावर रक्कम ठरते. अधिकारी येऊन लांबी-रुंदी मोजतो, फोटो काढतो, कागद फाइलला लागतो. म्हणजे कुणाच्या चाळीत किती टन कांदा मावतो, हे अनुदान घेतलेल्या प्रत्येकापुरतं तरी सरकारदरबारी लिहिलेलं आहे. कोकणात हेक्टर सोडून झाड मोजता आलं, तर इथे टन मोजायला काय हरकत आहे, हा प्रश्न पुढच्या वादळाआधी विचारायला हवा. नंतर विचारला तर उत्तर एकच मिळतं: नियमात नाही.