सातासमुद्रापलीकडील निकाह आणि नातलगांचा हक्क

इस्लामने निकाह अत्यंत सोपा ठेवला आहे. वधू-वरांची संमती, वली, साक्षीदार, महर आणि ईजाब-कबूल एवढ्यावर हा पवित्र करार पूर्ण होतो. तो मशिदीत होतो, तसाच घराच्या ओसरीवरही होतो. विशिष्ट शहराची किंवा विशिष्ट वास्तूची अट शरीअतने घातलेली नाही. मग ज्या कराराला जागेची अटच नाही, त्यात जागाच सर्वांत महाग का होऊन बसली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आपल्या समाजातील सुस्थित कुटुंबांत आता परदेशी विवाहसोहळ्याचे बेत होऊ लागले आहेत. त्यातही इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सरदार घराण्यांच्या जुन्या प्रासादांचे आकर्षण मोठे आहे. विस्तीर्ण हिरवळ, तलाव, दगडी कमानी आणि दोन-तीन शतकांचा इतिहास असे त्यांचे रूप. विसाव्या शतकात वारसाकर आणि देखभालीच्या खर्चामुळे असे शेकडो प्रासाद पाडले गेले. जे टिकले, त्यांपैकी अनेकांनी उत्पन्नासाठी आपले दरवाजे लोकांना उघडले. १९९४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मान्यताप्राप्त वास्तूंत नागरी विवाह लावण्याची मुभा मिळाली आणि हे प्रासाद विवाहस्थळे बनले.

यात गैर काय, असे कोणी विचारील. संपत्ती हलाल मार्गाने मिळविलेली आहे, कर्ज काढलेले नाही, आनंदाचा प्रसंग आहे. हा प्रश्न झिडकारण्यासारखा नाही. इस्लाम आनंदाला विरोध करीत नाही आणि प्रवासातील विवाहालाही नाही. माता सफिया (र.) यांच्याशी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा विवाह खैबरहून मदीनेस परतताना वाटेतच झाला. परंतु त्या वलीम्याचे वर्णन आठवा. चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले आणि त्यावर खजूर, पनीर व तूप ठेवले गेले. त्यात भाकरी नव्हती, मांसही नव्हते. जे सोबत होते ते सर्व जेवले. तो विवाह घरापासून दूर झाला खरा; पण त्या अंतरामुळे सोबतचा कोणी दस्तरखानापासून दूर राहिला नाही.

वलीम्याच्या बाबतीत प्रेषितांनी (स.) दिलेला इशारा सुप्रसिद्ध आहे. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलाविले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे अन्न सर्वांत वाईट होय, असे हदीसमध्ये आले आहे. त्याचबरोबर वलीम्याचे आमंत्रण स्वीकारण्याची ताकीदही आहे. या दोन्ही शिकवणी एकत्र ठेवून पाहा. आमंत्रण स्वीकारणे हे आमंत्रिताचे कर्तव्य असेल, तर त्याला स्वीकारता येईल असेच आमंत्रण देणे हे यजमानाचे कर्तव्य ठरत नाही काय?

आपल्या विधवा फुफीला इंग्लंडमधील प्रासादाची सुंदर आमंत्रणपत्रिका हाती दिली, म्हणजे आपण तिला बोलाविले असे होत नाही. तिच्याकडे पासपोर्ट नाही, व्हिसासाठी दाखविण्याजोगे बँक खाते नाही, विमानाच्या तिकिटाचे पैसे नाहीत. ती दुवा देईल, “प्रकृती बरी नसते” असे सांगेल आणि गप्प राहील. चाचा आपल्या मुलांपैकी कोणा एकालाच पाठविता येईल याचा हिशेब करतील. कदाचित त्यासाठी उसनेही घेतील. ज्याने या मुलीला कुरआन शिकविला, त्या हाफिजसाहेबांचे नाव तर यादीतच येणार नाही. यांतील कोणालाही आपण “येऊ नका” म्हटलेले नसते. ते काम अंतरानेच परस्पर केलेले असते.

“आम्ही मोजक्याच लोकांत लग्न करतो, मग खर्चही आटोक्यात राहतो,” असाही युक्तिवाद केला जातो. मोजक्या लोकांत निकाह करणे उत्तमच आहे. आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांचा निकाह झाल्याचे प्रेषितांना (स.) नंतर कळले, तेव्हा त्यांनी नाराजी दर्शविली नाही, बरकतीची दुवा दिली आणि एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले. तो निकाह लहान होता, कारण तो साधा होता. आपला सोहळा लहान होतो, कारण तो इतरांना परवडत नाही. संख्या सारखी दिसली तरी या दोन्हींत फार मोठे अंतर आहे.

दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२६-२७) नातलग, गरजवंत आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे. त्याला लागूनच उधळपट्टीची मनाई आहे आणि उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानाचे बंधू म्हटले आहे. या दोन आज्ञा एकमेकींना लागून याव्यात, यावर मनन करा. उधळलेला पैसा बहुधा कोणाच्या तरी हक्कातून गेलेला असतो.

ज्या वास्तूंच्या भव्यतेने आपले डोळे दिपतात, त्यांचा इतिहासही हेच सांगतो. यॉर्कशायरमधील हेअरवूड हाऊस १७५९ ते १७७१ या काळात एडविन लॅसेल्स यांनी उभारले. त्या घराण्याची संपत्ती कॅरिबियन बेटांवरील उसाचे मळे आणि गुलामांचा व्यापार यांतून आलेली होती. आजचे वारसदारही हे उघडपणे मान्य करतात. वेल्समधील पॉविस कॅसलमध्ये टिपू सुलतान यांचा फुलांच्या नक्षीचा तंबू आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर तो क्लाइव्ह घराण्याकडे गेला आणि पुढे बागेतील मेजवान्यांसाठी वापरला गेला. दगडांना दोष देऊन उपयोग नाही आणि प्रत्येक जुनी वास्तू अन्यायातूनच उभी राहिली असेही नाही. परंतु ज्यांच्या कष्टातून असे वैभव उभे राहिले, त्यांना तेथील मेजवानीचे आमंत्रण कधीच नव्हते. आपल्या लेकरांच्या संसाराचा प्रारंभ आपण कोणत्या परंपरेत करू इच्छितो?

एक व्यावहारिक बाबही लक्षात घ्यावी. केवळ निकाह लावल्याने इंग्लंडच्या कायद्यानुसार विवाह सिद्ध होत नाही. तेथील अपील न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले. मान्यताप्राप्त वास्तूतील नागरी विवाहात धार्मिक विधी करता येत नाहीत. विवाहासाठी भारतातून जाणाऱ्यांना वेगळा व्हिसा लागतो. नोटीस देण्यापूर्वी किमान ७ दिवस तेथे राहावे लागते आणि नोटिशीनंतर किमान २८ दिवस थांबावे लागते. म्हणून पुष्कळ कुटुंबे निकाह व नोंदणी येथेच उरकतात आणि परदेशात केवळ समारंभ करतात. म्हणजे जो खर्च होतो तो निकाहसाठी नसतोच. तो देखाव्यासाठी असतो.

याच विवाहांतील महरची रक्कम पाहावी. सजावट करणाऱ्याला आगाऊ रोख मिळते, छायाचित्रकाराला रोख मिळते. आणि जिचा हक्क कुरआनने (४:४) खुशीने देण्यास सांगितला, त्या वधूचा महर मात्र अनेकदा “नंतर देऊ” म्हणून उधार राहतो. ज्याचा हक्क सर्वांत आधी, त्याची पाळी सर्वांत शेवटी, हा कोणता न्याय?

कोकणातील अनेक कुटुंबांचे नातलग ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. सोयरिकच तेथे जुळली असेल आणि निकाह तेथे होणार असेल, तर ती गोष्ट वेगळी. तेथे जाणे ही गरज आहे. तेव्हाही येथील आप्तांसाठी घराजवळ वलीमा करावा. मात्र तो श्रीमंतांची दावत उरकल्यावरची उरलीसुरली पंगत नसावी. एकाच दस्तरखानावर सर्वांना बसविणारा तो असावा.

वाचक बंधू-भगिनींनो, स्थळ ठरविण्यापूर्वी एक कागद घ्या. त्यावर कोण येऊ शकतील हे लिहू नका. कोण येऊ शकणार नाहीत, त्यांची नावे लिहा. त्या यादीत ज्यांचा आपल्यावर हक्क आहे अशांची नावे निघाली, तर स्थळ बदला. ती माणसे आपल्याला काही बोलणार नाहीत. पण त्यांच्या हक्काविषयी विचारणा करणारा अल्लाह आहे.

अल्लाह आपल्या घरांतील निकाह सोपे करो आणि त्यांत बरकत देवो. आमीन.