तटाआडची बारा वर्षं

दत्तजयंतीची यात्रा ऐन भरात होती. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आप्पा घोडीजवळ बसले होते. मी आदल्याच दिवशी दौलताबाद पाहून आले होते आणि तिथला चिनी महाल मनातून जात नव्हता.

"गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह १६८७ ला हरला. १६९९ ला मरेपर्यंत तो चिनी महालातच कैदेत होता, आप्पा. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा, बाहेर तटामागून तट. त्यापेक्षा औरंगजेबानं त्याला मारलं असतं तर?"

"त्यानं काय साधलं असतं?"

"झुरणं तरी टळलं असतं."

आप्पांनी नदीच्या वरच्या अंगाला हात केला. "याच तापीवर थाळनेर आहे. तिथल्या किल्लेदाराचं झुरणं टळलं."

मला ते माहीत होतं. मंदसौरच्या तहात होळकरांचा खानदेश इंग्रजांकडे गेला, तरी किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेनात. २७ फेब्रुवारी १८१८ ला दरवाजातच चकमक उडाली, दोन इंग्रज अधिकारी पडले. मग आतली शिबंदी कापली गेली आणि सर थॉमस हिस्लॉपनं किल्लेदाराला त्याच दिवशी फासावर चढवलं.

"पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटात त्यावर प्रश्न उठले," आप्पा म्हणाले. "पण चकमक कशी उडाली, दगा कुणाचा, हे किल्लेदाराला कोण विचारणार? कोठडीत असता तर बोलला असता. मेलेल्या माणसाची कैफियत कुणी घेत नाही."

"मान्य. पण तानाशाहाची तरी कुणी घेतली? कोंडणारा बादशहा आणि न्याय देणाराही तोच. तो जिवंत होता, बोलू शकत होता. ऐकणाराच नव्हता."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरी बारा वर्षं कुणी येईल असं त्याला वाटत राहिलं असेल."

"तेच मला सोसवत नाही. ती आशा दया म्हणून दिली होती, की शिक्षा म्हणून?"

घोडीनं मागचा पाय झटकला, पिछाडी ताणली गेली. आप्पा उठून तिच्या पाठीवर हात फिरवू लागले.

"गर्दीत कुणाला लाथ लागू नये म्हणून बांधतो हिला," ते म्हणाले. "रात्री सोडायला मीच येतो."

"ते तिला माहीत असतं का, आप्पा?"

त्यांनी खाली बसून पिछाडीची गाठ चाचपली आणि थोडी सैल केली.