ओझे कोणापाशी उतरवावे?



काही आठवड्यांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर एक माता चर्चच्या अंगणात थांबून राहिली. सगळे पांगल्यावर ती जवळ आली. घरी दहावीचा मुलगा, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, सोसायटीचे कर्ज आणि यंदा कापसाला भाव मिळेल की नाही याची धास्ती. रात्री झोप नाही, दिवसभर मुलांवर ओरडणे. नागपूरला शिकणाऱ्या मुलीने तिला मोबाईलवर एका समुपदेशक बाईंशी जोडून दिले होते. तीनदा बोलणे झाले होते आणि तिला बरे वाटत होते. तरीही मनात काहीतरी सलत होते. ती म्हणाली, "फादर, जे तुम्हाले सांगितलं नाही, देवालेही धड सांगितलं नाही, ते त्या अनोळखी बाईले सांगितलं. माझा विश्वास कमी पडला का?"

तिच्या परवानगीने हे लिहीत आहे. उत्तर देण्याआधी मला माझीच चूक आठवली. दोन महिन्यांपूर्वी हीच माता मला म्हणाली होती, "फादर, डोकं लय जड राहते." मी घाईत होतो. "रोज रोझरी म्हणा, सर्व ठीक होईल," असे सांगून मी पुढे निघालो. रोझरी म्हणायला सांगणे चुकीचे नव्हते. पण मी तिचे ऐकलेच नव्हते. तिच्या डोक्यावरच्या ओझ्यावर मी आणखी एक काम ठेवले होते.

आता तिच्या प्रश्नाकडे वळू. मनाचे दुःख माणसापाशी बोलणे म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडणे आहे काय? एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. थकलेला, भ्यालेला एलिया रानात एका झुडपाखाली बसला आणि त्याने देवाकडे मरण मागितले. देवाने त्याला विश्वासावर प्रवचन दिले नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकडून भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. बोलणे नंतर झाले. गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभू येशूने आपल्या तीन मित्रांना जवळ जागे राहण्याची विनंती केली. पित्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता, तरीही त्याला माणसांची सोबत हवी होती. मग आपल्याला ती हवीशी वाटली तर लाज कसली?

तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. आनंद, रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान! एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञ संताने झोप आणि आंघोळ यांना चिंतनाच्या शेजारी बसवले, कारण माणूस शरीर आणि आत्मा मिळून एक आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. मित्रांच्या सहानुभूतीने दुःख का हलके होते, याची त्यांनी दोन कारणे दिली. एक, दुःख हे ओझ्यासारखे असते. दुसऱ्याने हात लावला की ते कमी वाटते. दुसरे, आपल्यासाठी कोणी दुःखी होतो म्हणजे तो आपल्यावर प्रेम करतो हे कळते. संतांच्या मते हे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे.

येथेच खरी अडचण येते. मोबाईलच्या पलीकडची बाई आपली मैत्रीण नाही. तिचे प्रेम कसले? हा प्रश्न योग्य आहे. पण दयाळू शोमरोनी तरी त्या जखमी माणसाचा कोण लागत होता? १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हराह या अँग्लिकन धर्मगुरूंनी जीवनाला कंटाळलेल्या लोकांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. भेटीला येणारे पुष्कळ होते. त्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही स्वयंसेवक बसत. थोड्याच दिवसांत दिसून आले की त्यांच्यापाशी मन मोकळे केल्यावर कित्येकांना धर्मगुरूंना भेटण्याची गरजच उरत नव्हती. आम्हा धर्मगुरूंना नम्र करणारी ही गोष्ट आहे.

आपल्या विदर्भातही असा अनुभव आला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. त्यात गावपातळीवरील साध्या माणसांना ऐकण्याचे, धीर देण्याचे आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवण्याचे शिक्षण दिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पूर्वी दुःख नव्हते असे नाही. ते घेऊन जायला जागा नव्हती.

मात्र दोन गोष्टींची गल्लत करू नये. मुलाला रागाच्या भरात मारले, घरात खोटे बोललो, याची टोचणी समेट संस्कारात न्यावी. तेथे क्षमा मिळते. झोप उडाली, छातीत धडधडते, कशातच मन लागत नाही, याला क्षमा नको, मदत हवी. समुपदेशक पापक्षमा देऊ शकत नाही, आणि पापनिवेदन हे झोपेचे औषध नाही. एकाच माणसाला दोन्हींची गरज असू शकते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत, मराठीतून बोलता येते. साधा फोनही चालतो. इतर कोणा समुपदेशकाशी इंटरनेटवरून बोलणार असाल तर त्यांचे शिक्षण आधी विचारा. हमखास गुण येईल असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. औषध लिहून देण्याचे काम डॉक्टरांचे आहे. सेवाग्रामच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि घरात कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा, ताबडतोब दवाखान्यात न्या.

मग आपले काम संपले काय? शोमरोन्याकडे पुन्हा पाहा. त्याने जखमी माणसाला उतारशाळेच्या मालकाच्या हवाली केले, खर्च दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. सर्व काही त्याने एकट्याने केले नाही. पण परत येईन, असे सांगून गेला. समुपदेशक हा आपल्या काळातील उतारशाळेचा मालक आहे. तेथवर पोहोचवणे आणि नंतर परत येऊन विचारपूस करणे हे शेजाऱ्याचे काम आहे. त्या मातेला फोन लावून देणारी तिची मुलगी होती, हे विसरू नका.

मी तिला एवढेच म्हणालो, "बाई, तुमचा विश्वास कमी पडला नाही. माझे कान कमी पडले." मग विचारले, घरी बोलायला एकांत मिळतो का? ती हसली. दोन खोल्या आणि सहा माणसे! ती शेताच्या धुऱ्यावर जाऊन बोलत असे, आणि पावसात तेही जमत नसे.

म्हणून या रविवारपासून माझ्या निवासाची बाहेरची खोली मिस्सेनंतर दुपारपर्यंत मोकळी राहील. दार लावता येते, मोबाईलला रेंज येते. कोणाशी बोलता हे मी विचारणार नाही. बोलून झाल्यावर वाटले तर माझ्याकडे या. चहा असेल, आणि या वेळी मी घाईत नसेन.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू