स्वतःचा शिक्का स्वतःच मारतेस?

तुझ्या ब्रिटनमधल्या दागिन्यांच्या धंद्याचा तो ‘पर्यावरण अहवाल’ वाचला. निम्मा अहवाल डबीवर. पुठ्ठा जुन्या कागदाचा, फीत सुती, आभाराच्या चिठ्ठीत झाडाचं बी. आणि गिऱ्हाईक ज्या धातूसाठी पैसे मोजतं, त्यावर? एक ओळ. ‘आम्ही फक्त रिसायकल्ड सोनं वापरतो.’ कुठून आलं ते? कोणी गाळलं? कागद कुठाय? विचारलं तर म्हणे, “सप्लायर तसं सांगतो.”

वा गं! हाच सप्लायर सोनं अठरा कॅरेटचं आहे म्हणाला, तर ठेवतेस विश्वास? नाही. गुपचूप ॲसे ऑफिसला, म्हणजे शुद्धता तपासणाऱ्या कचेरीला पाठवतेस. पाठवावंच लागतं. ब्रिटनमध्ये १ ग्रॅमवरचं सोनं आणि ७.७८ ग्रॅमवरची चांदी हॉलमार्कशिवाय सोनं-चांदी म्हणून विकता येत नाही; १९७३ चा कायदाच आहे. बर्मिंगहॅमचं ॲसे ऑफिस तर १७७३ पासून हेच काम करतंय. घडवणाऱ्याने शुद्धतेचा निवाडा स्वतः करायचा नाही, तिऱ्हाइताने करायचा. हे तुला पटतं. मग पर्यावरणाच्या परीक्षेत पेपर काढणारी तू, तपासणारी तू आणि पहिला नंबरही तुझाच, हे कसं? आणि हॉलमार्ककडे बोट दाखवू नकोस. तो शुद्धता सांगतो, खाण सांगत नाही.

‘रिसायकल्ड’ म्हणून तरी कसली मिरवतेस? सोनं कधी कोणी उकिरड्यावर फेकलंय का? आपल्या आज्या पाटल्या मोडून नातीचा हार करत आल्या. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं देशभर जुनं सोनं गाळत आली, त्यांनी कधी हिरव्या पानाचं चित्र छापलं नाही. जुनं वापरतेस, उत्तम. पण तेवढ्याने कुठली खाण बंद पडली, ते सांग. जुनं म्हणजे काय, तेही लिही. मोड? कारखान्यातला चुरा? की इलेक्ट्रॉनिक कचरा? रॉयल मिंटने, ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, वेल्समध्ये लँट्रिसंटला जुन्या सर्किट बोर्डांतून सोनं काढायचा कारखाना उभा केला. त्यांना आपलं सोनं कुठलं ते सांगता येतं. तुला का नाही?

हिरे लॅबमधले, म्हणून निर्धास्त. कुठल्या लॅबमधले? सुरतच्या. अगं, भारतातली बहुतेक वीज अजून कोळशावरच तयार होते! कारखाना सौर ऊर्जेवर चालतो म्हणतात? मग विजेचं बिल माग. चांदीच्या तुशीला मुलामा देतात, त्या सायनाइडच्या टाकीतलं पाणी कुठे जातं? विचारलंस कधी? मटेरियल सायन्स शिकलेली मुलगी तू. हे प्रश्न तुला सुचले नाहीत, असं मला सांगू नकोस. सुचले होते. उत्तराची भीती वाटली, म्हणून डबीवर पानं खरडलीस.

“मी एवढीशी, मला कोण विचारतंय?” सीएमएचा, म्हणजे ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार नियामकाचा, २०२१ चा ग्रीन क्लेम्स कोड छोट्या-मोठ्या सगळ्यांना लागू आहे. दावा खरा हवा, पुरावा हवा, महत्त्वाचं काही दडवायचं नाही. एप्रिल २०२५ पासून उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड ठोकायचा अधिकारही त्यांच्याकडे आला. आणि छोटी असणं ही सबब कशी झाली? मोठ्या कंपनीचे सप्लायर शेकड्याने. तुझे चार. चार पत्रं लिहायला हात मोडतात? रील करायला बरा वेळ मिळतो.

“फेअरट्रेड सोनं परवडत नाही.” हिशेब केलास? ब्रिटनमध्ये ते २०११ पासून मिळतं. खाणकामगारांना जाणारा प्रीमियम किलोमागे २००० डॉलर, म्हणजे ग्रॅमला २. परवाना आणि व्यापाऱ्याची भर धर वेगळी. तरी चार ग्रॅमच्या अंगठीत प्रीमियमचे किती होतात? फार तर आठ डॉलर. तुझ्या त्या डबीला किती पडतात, ते मी विचारत नाही. माणसांच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यातला एक-तृतीयांशाहून जास्त पारा छोट्या, हाताने चालणाऱ्या सोन्याच्या खाणींतून जातो. त्या खाणींवर पारा हाताळणाऱ्यांच्या जिवापेक्षा सुती फीत मोठी झाली का?

शुक्रवारपर्यंत चौघांनाही पत्रं गेली पाहिजेत. ज्याचं उत्तर येणार नाही, त्याच्यापुढे अहवालात ‘माहीत नाही’ असं स्वच्छ लिहायचं. आणि वेबसाइटवरचं ते हिरव्या पानाचं चित्र आज रात्रीच उतरव.