सुतक कोणत्या दिवसापासून मोजावे?

घरातील माणूस गेल्यावर कुटुंब जे दिवस वेगळे पाळते त्यांना मराठीत सुतक म्हणतात. संस्कृतात सूतक हा शब्द प्रामुख्याने जन्माशी निगडित होता, परंतु मराठीने जन्माकडे सोयर ठेवले आणि सुतक मृत्यूकडे वळवले. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या दोहोंना मिळून अशौच असे नाव आहे. हे दिवस किती पाळायचे ते बहुतेक घरांत ठाऊक असते, पण ते कोणत्या दिवसापासून मोजायचे हा प्रश्न आता सहसा कोणाला पडत नाही, कारण मृत्यूची तारीख आणि वेळ दाखल्यावर छापून मिळते. शास्त्रकारांना मात्र तो पडला होता, कारण त्यांच्या काळी परदेशी गेलेल्या मुलाला आईबापांच्या मृत्यूची वार्ता पोहोचायला महिनेच काय, वर्षही लागू शकत असे. उशिरा कळलेल्या मृत्यूच्या या अशौचाला त्यांनी अतिक्रांताशौच, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर आलेले अशौच, अशी संज्ञा दिली आणि त्याचे नियम ठरवले. वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस पाळावेत, त्यानंतर कळली तर काळ आणि नाते पाहून सुतक कमी करावे, असा त्यांचा सर्वसाधारण रोख आहे. पण आई किंवा वडील गेल्याचे मुलाला वर्ष उलटल्यावर जरी कळले, तरी त्याने ऐकल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस पाळावेत, असा अपवाद त्यात नमूद आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा जो चौथा खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशौचाची ही सारी चर्चा एकत्र सापडते. वर्णावरून दिवस कमीजास्त करण्याचा जो भाग या ग्रंथांत आहे तो आज कोणी जपावा असा नाही. परंतु वर सांगितलेल्या अपवादामागे माणसाच्या मनाचे जे निरीक्षण आहे, ते शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेबरोबर टाकून देण्याजोगे नाही. मरणाऱ्याचा मृत्यू एका तारखेला होतो आणि मागे राहिलेल्यांचा शोक ज्याला ज्या क्षणी खरोखर कळते त्या क्षणापासून सुरू होतो, हे त्या नियमाने मान्य केलेले आहे.

दीर्घ आजारात कुटुंब ही वार्ता रोज थोडी थोडी ऐकत असते. डॉक्टरांचा बदललेला स्वर, कमी होत गेलेला आहार, औषधांच्या वाढत गेलेल्या पुड्या यांतून मन, कबूल न करता का होईना, तयार होत जाते. आई अचानक जाते तेव्हा ही सवड कोणालाच मिळत नाही. आदल्या रात्री लावलेले विरजण सकाळी लागलेले असते आणि लावणारी नसते. या अर्थाने अचानक मृत्यूत घरातला प्रत्येकजण परदेशी गेलेल्या मुलासारखाच उशिरा पोहोचलेला असतो, मग तो शेजारच्या खोलीत झोपलेला का असेना. नाशिकमधील इंदिरानगरसारख्या वसाहतीत तर हे उशिरा पोहोचणे अगदी शब्दशः घडते. मुंबई-आग्रा महामार्गाच्या या बाजूला रथचक्र चौक आणि चार्वाक चौकाच्या आसपास वाढलेल्या बंगल्यांतून आणि अपार्टमेंटांतून शिकून बाहेर पडलेली मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून पुष्कळ दूर असतात आणि घरात उरतात ती साठीसत्तरीची दोन माणसे.

अशा मुलाला फोन जातो तेव्हा मराठी घरांत बहुधा खरे सांगितले जात नाही. ‘आईला अ‍ॅडमिट केलंय, निघून ये’ एवढेच सांगण्याची रीत आहे, आणि तिच्यामागचा हेतू दयेचाच असतो, कारण रात्रीच्या प्रवासात, कदाचित स्वतः गाडी चालवत येणाऱ्या माणसाच्या हातून काही विपरीत घडू नये अशी काळजी सांगणाऱ्याला वाटत असते. परंतु ही दया पुढे फार महाग पडते. ऐकणाऱ्याला अर्धे कळलेले असते, तो वाटेत देवाला साकडे घालत असतो, कोणत्या डॉक्टरांना दाखवायचे याचे बेत करत असतो, आणि फाटकाजवळच्या चपलांचा ढीग पाहून त्याला उरलेले कळते. पुढे कित्येक वर्षे त्याला सलत राहते ते हेच की सर्वांना ठाऊक असताना आपण एकटेच आशा धरून होतो. शास्त्रकारांच्या भाषेत विचारायचे तर त्याने ऐकले कधी, फोनवर की फाटकात? जिथे प्रवास धोक्याचा आहे तिथे सोबतीला एखादा मित्र मिळवून द्यावा, त्या मित्राला आधी सांगावे आणि मग मुलाला खरे सांगावे, हा मार्ग अधिक कष्टाचा असला तरी अधिक प्रामाणिक आहे. दुःख टाळता येत नसेल तर निदान ते ज्याचे आहे त्याला वेळेवर द्यावे, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

उशिरा पोहोचलेल्या मुलाची मराठीतील सर्वांत परिचित कथा नाशिकमध्येच लिहिली गेली आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले आणि त्याचा बहुतांश भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. ते प्रसिद्ध झाले १९३५ मध्ये. त्यांची आई यशोदाबाई १९१७ मध्ये वारली होती, म्हणजे मृत्यू आणि लेखन यांत पंधराहून अधिक वर्षांचे अंतर होते. पुस्तकातला श्याम शिकायला बाहेरगावी असतो आणि तो घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. या पुस्तकाकडे संस्कारांचा साठा म्हणून पाहण्याची सवय शाळांनी लावली आहे आणि तिच्यामुळे त्याची एक बाजू झाकली गेली आहे: ते एका फार लांबलेल्या सुतकाचे पुस्तक आहे. त्यातील प्रकरणांना रात्र म्हटले आहे, कारण श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, आणि अखेरच्या, बेचाळिसाव्या रात्रीचे नाव ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ असे आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की या बेचाळीस रात्रींत मृत्यूला थोड्याच रात्री मिळाल्या आहेत. बाकीच्यांत आई रागावते, पोहायला घाबरणाऱ्या मुलाला मारते, देणेकऱ्यांच्या तगाद्याने खचते, आजारी असताना राबते. ती देवता होऊन बसलेली नाही, तिला कामे आहेत, आणि ऐकायला रोज माणसे जमतात. पंधरा वर्षे मनात मुरलेले दुःख पाच दिवसांत कागदावर उतरले, याच्या मुळाशी ऐकणाऱ्यांची ही कल्पना आहे, असे मानायला जागा आहे.

नाशिकचे रामकुंडही उशिरा कळलेल्या मृत्यूचेच स्थान आहे. वाल्मीकिरामायणात दशरथाचा मृत्यू रामाला वनवासात, भरत येऊन सांगतो तेव्हा कळतो आणि राम हिंगणबेटाच्या म्हणजे इंगुदीच्या पेंडीत बोरे कालवून पिंड देतो, कारण वनात दुसरे काही नसते. तो प्रसंग चित्रकूटचा, मंदाकिनीकाठचा आहे. नाशिकची श्रद्धा अशी की रामाने वडिलांचे श्राद्ध गोदावरीकाठी, रामकुंडावर केले, आणि म्हणूनच येथे अस्थी विसर्जित करायला दूरदूरहून माणसे येतात. इंदिरानगरातील कुटुंबेही महामार्ग ओलांडून तिथेच जातात. जाताना चार्वाक चौक लागावा हा एक अजब योगायोग. चार्वाक म्हणजे परलोक नाकारणारे प्राचीन जडवादी. त्यांचा युक्तिवाद चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात प्रतिपक्षाने नोंदवून ठेवला आहे: येथे घातलेले जेवण मेलेल्याला पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची, घरीच कोणाला तरी जेवू घालावे. या प्रश्नाला उत्तर देणे अवघड आहे आणि देण्याची गरजही नाही. पिंड पोहोचतो की नाही याविषयी एका घरातील दोन भावांचे मत वेगळे असू शकते; मात्र तो वाद दहाव्याच्या सकाळी, कावळ्याची वाट पाहणाऱ्या वडिलांच्या समोर काढणारा भाऊ बुद्धिवादाची सेवा करत नसतो. आणि तिसऱ्या दिवशीच सगळे उरकून टाकू म्हणणाऱ्याला विधी नको असणे समजण्यासारखे असले, तरी विधीबरोबर माणसांचे येणेजाणेही उरकले जाते, याचा विचार त्याने करायला हवा.

घरात प्रत्येकाचे सुतक वेगळ्या दिवशी सुरू होते, ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. मुलाला ते सावडायच्या वेळी, म्हणजे अस्थी गोळा करताना, जाणवू शकते. पतीला ते पाहुणे परतल्यावर, गॅसची टाकी नोंदवायचा नंबर आपल्याला माहीत नाही हे कळते त्या सकाळी जाणवेल. सुनेला तर शोक करायला वेळच मिळत नाही, कारण सासूची कामे कोणी न सांगता तिच्याकडे सरकलेली असतात, आणि भेटायला आलेल्यांचा चहा तिनेच केलेला असतो. विवाहित मुलीच्या बाबतीत तर नियमानेच अन्याय केला आहे: आईबापांच्या मृत्यूचे तिचे सुतक तीन दिवसांचे, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलणारी ही मुलगी चौथ्या दिवशी सासरच्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावायला मोकळी होते. मुलाच्या शोकाविषयी एवढी सूक्ष्म जाण दाखवणारे शास्त्र तिच्यापाशी येऊन आंधळे झाले. भेटायला येणाऱ्यांची भाषाही तपासून पाहण्यासारखी आहे. नवरा हयात असताना आलेल्या मरणाला अहेव मरण म्हणतात, त्याला भाग्य मानले जाते, आणि भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, अशा स्त्रियांचे श्राद्ध करतात. ‘सवाष्ण गेली, सोनं झालं’ हे वाक्य तिच्या पतीसमोर उच्चारले जाते तेव्हा त्याचे जगणे हेच तिचे भाग्य ठरते आणि त्याच्या एकटेपणाला बोलण्याची जागा उरत नाही. ‘कुणाला त्रास न देता गेली’ हे दुसरे वाक्य. त्रास द्यायलाही ती थांबली नाही, हेच तर त्या घराचे दुःख असते.

त्यात जर-तर असतेच. आदल्या दिवशी दम लागतो म्हणाली होती, पाठ दुखते म्हणाली होती, पित्त असेल म्हणून गोळी देऊन विषय संपवला, हे कोणाला तरी आठवते. हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांना धाप, मळमळ, थकवा, जबड्यात वा पाठीत दुखणे अशी चटकन ओळखू न येणारी लक्षणेही दिसतात, हे वैद्यकशास्त्र सांगते आणि प्रत्येक घराने ते माहीत करून घ्यावे. परंतु मागाहून मिळालेल्या माहितीच्या आधारे स्वतःवर किंवा भावावर खटला चालवणे हा न्याय नव्हे. त्या वेळी जेवढे ठाऊक होते तेवढ्यावरच त्या वेळच्या कृतीचे माप घेता येते.

आधुनिक मानसशास्त्राचा आधार येथे बेतानेच घ्यावा. शोकाच्या पाच पायऱ्यांचा जो सर्वत्र उल्लेख होतो तो एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकावरून आला आहे, आणि ते पुस्तक मरणाच्या दारातील रुग्णांविषयी होते, त्यांच्या मागे राहिलेल्यांविषयी नव्हे. त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेले मत घराघरांतल्या अनुभवाशी अधिक जुळते: शोक करणारा माणूस हरवलेल्याकडे आणि पुढच्या कामांकडे आळीपाळीने येत-जात राहतो, म्हणून सकाळी रडलेली नात दुपारी हसली तर तिला विसर पडला असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लांबलेला शोक हा विकार मानायला किमान सहा महिने, तर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या नियमावलीत प्रौढांसाठी किमान एक वर्ष अशी मुदत आहे. आणि तीही जगणेच थांबले असेल तर. तसे झाले असेल तर टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. एरवी बहुतेकांना लागतात ती ऐकणारी माणसे, आणि नेमकी तीच तेराव्याच्या गोडाच्या जेवणानंतर निघून जातात.

इंदिरानगरात किंवा आणखी कुठे ओळखीच्या घरी असे घडले असेल आणि तेराव्याला जाणे जमले नसेल, तर ओशाळून घरी बसू नये; त्यानंतरच्या एखाद्या संध्याकाळी जावे. आई कशी गेली हा प्रश्न त्या घराने शंभर वेळा ऐकलेला असतो, तो पुन्हा विचारू नये. ती कोणत्या गावची, लोणचे कोणते घालायची, कोणावर चिडायची हे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत घड्याळाकडे पाहू नये. चहाचा कप स्वतः विसळून ठेवावा. आणि सासरी असलेल्या तिच्या मुलीला चौथ्या दिवशी फोन करावा.