क्षुल्लक दुखणी आणि साधकाचा विवेक

मोठे संकट आले म्हणजे मनुष्य आपली सारी शक्ती एकवटतो. विषमज्वराने अंथरूण धरलेला गृहस्थ मनोभावे देवाचे नाव घेतो, घरातील माणसे धावपळ करतात, दूरचे आप्त भेटीस येतात आणि रुग्णाच्या धैर्याची वाखाणणी होते. परंतु वर्षानुवर्षे कुरकुरणारा गुडघा, हिवाळ्यात भेगाळणाऱ्या टाचा, पहाटे उठताना धरलेली कंबर, वरचेवर होणारे पडसे, जेवणानंतरची जळजळ, या दुखण्यांसाठी कोणी धावत येत नाही. त्यांना धीराने तोंड दिले म्हणून कोणी गौरवही करीत नाही. ती येतात, राहतात, आणि स्मरणाला बसलेल्या साधकाचे मन नामावरून काढून गुडघ्यावर आणून ठेवतात. मनुष्याचे बहुतेक आयुष्य मोठ्या आजारात जात नसून अशा किरकोळ दुखण्यांच्या संगतीत जाते. म्हणून त्यांच्याशी कसे वागावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच यथामती विचार करावयाचा आहे.

दोन पूर्वपक्ष

या विषयी आपल्यात दोन मते ऐकावयास मिळतात.

पहिले मत असे की, देह हा प्रपंचातील पदार्थ आहे, तो अनित्य आहे. जीव त्याहून वेगळा आहे. मग देहाच्या कुरकुरीकडे अनुसरलेल्या पुरुषाने लक्ष का द्यावे? गुडघा दुखतो तर दुखो. औषधाच्या मागे लागणे म्हणजे टाकलेल्या प्रपंचाला पुन्हा जवळ करणे होय.

दुसरे मत याच्या अगदी उलट आहे. मनुष्यदेहावाचून धर्म घडत नाही, म्हणून देह हे साधन. आणि साधनाची जितकी जपणूक करावी तितकी थोडीच. या मताचा मनुष्य थोडी शिंक आली की काढा घेतो, थोडी कंबर दुखली की अटन टाळतो, आणि पहाटेच्या थंडीचे निमित्त करून स्मरणाची वेळ पुढे ढकलतो. वासनिकांमध्येही असे पुष्कळ असतात. त्यांच्या उशाशी औषधांच्या बाटल्यांची रांग असते आणि पोथी मात्र फडताळात असते.

ही दोन्ही मते शास्त्राचा आधार सांगतात. दोहोंत अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य मनुष्याला सोयीचे असेल तर ते असत्याहूनही अधिक काळ टिकते.

गीतेचा आशय

श्रीकृष्णचक्रवर्तींनी अर्जुनास केलेल्या निरूपणात या प्रश्नाला स्पर्श करणारी चार स्थळे आहेत. ती एकत्र ठेवून पाहिली म्हणजे आशय स्पष्ट होतो.

दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण आणि सुख-दुःख देणारे इंद्रियांचे विषयसंबंध येणारे-जाणारे आहेत, ते सहन करावेत, असा उपदेश आहे. एवढेच स्थळ घेतले तर पहिला पूर्वपक्ष खरा वाटेल. परंतु सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला व मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला व सदा जागणाऱ्याला योग साधत नाही असे सांगून आहार, विहार आणि निद्रा यांच्या युक्ततेवर भर दिला आहे. सतराव्या अध्यायात तर शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहातील भूतसमुदायाला अविचाराने कष्टविणाऱ्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. म्हणजे देहाची हेळसांड हे वैराग्य नव्हे. आणि दुसऱ्या पूर्वपक्षाचे उत्तर अठराव्या अध्यायात आहे. शरीराला क्लेश होतील या भयाने जो कर्म टाकतो त्याचा त्याग राजस ठरतो. त्याला त्यागाचे फळ मिळत नाही.

सहन करावे, पण कष्टवू नये. जपावे, पण भिऊन कर्तव्य सोडू नये. या चार खुंटांच्या मध्ये साधकाची वाट आहे.

आपल्या ग्रंथांतही देहाच्या व्यवहाराला जागा आहे, हे विसरून चालणार नाही. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात मर्दना-मादने, आरोगणा, पहुड-उपहुड, व्याळी हा दिनक्रम पुन्हा पुन्हा नोंदलेला आहे. परब्रह्माचे निरूपण आणि रात्रीचे भोजन एकाच ग्रंथात, एकाच आदराने येते. देहाचे व्यवहार लपवावेत किंवा तुच्छ लेखावेत, असा भाव त्या नोंदींत कोठेही आढळत नाही.

वेदनेचे प्रयोजन

आता खुद्द वेदनेकडे पाहू. वेदना नसती तर बरे झाले असते, असे दुखणाऱ्या प्रत्येकाला वाटते. परंतु वेदना नसलेली माणसे जगात आहेत, आणि त्यांची अवस्था पाहिली म्हणजे हा भ्रम फिटतो.

वऱ्हाडातील वाचकांना अमरावतीचे तपोवन आणि वरोड्याजवळचे आनंदवन ठाऊक आहे. शिवाजीराव पटवर्धन आणि बाबा आमटे यांनी ज्या कुष्ठरुग्णांसाठी ही स्थाने उभी केली, त्यांची बोटे झडलेली पाहून लोक समजत की रोगच मांस खातो. या रोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला; तरीही हा समज पुढे दीर्घकाळ टिकून राहिला. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात सेवा करणारे शस्त्रवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बोटांची हानी मुख्यतः रोग थेट करीत नाही. रोग मज्जातंतूंना बधिर करतो. मग चुलीवरचे तापलेले भांडे हाताला चटका देत नाही, पायात रुतलेला काटा सलत नाही, रात्री उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. न दुखणाऱ्या जखमांवर मनुष्य चालत राहतो, आणि चालता चालता अवयव गमावतो. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. परंतु एकदा मेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. जुन्या मधुमेहातही असेच घडते. पायाला मुंग्या येतात, पुढे पाय बधिर होतो, आणि वहाणेचा खडा दिवसभर टोचूनही कळत नाही.

तात्पर्य, वेदना हा देहाच्या वेशीवरचा पहारेकरी आहे. तो हाक मारतो तेव्हा त्रास होतो हे खरे. पण त्याला मुका करून गाव सुरक्षित होत नाही. टाच दुखते म्हणून आपण ती पाहतो, भेग धुतो, तेल लावतो. दुखलेच नसते तर पाहिले नसते.

पण पहारेकऱ्याची हाक एकदा ऐकून घेतली, वेशीवर कोण आले ते पाहिले, करावयाचे ते केले, तरी तो हाका मारीत राहतो, असेही घडते. झिजलेला गुडघा आपले सांगणे सांगून झाल्यावरही दुखतच राहतो. येथून पुढचे काम वैद्याचे नाही, साधकाचे आहे.

दुखणे आणि त्याची पुरवणी

बारकाईने पाहिले तर गुडघ्याचे दुखणे थोडे असते आणि त्याला जोडलेली पुरवणी मोठी असते. पहिली पुरवणी स्मृतीची: पूर्वी मी किती कोस चालत असे! दुसरी भयाची: आज गुडघा, उद्या अंथरूण, मग मला कोण पाहील? तिसरी तुलनेची: अमुक जण माझ्याहून वडील, पण अजून ताठ चालतात. चौथी दोषारोपाची: आश्रमातील गारठ्यामुळे, सुनेच्या स्वयंपाकामुळे, मुलाच्या दुर्लक्षामुळे हे झाले. या चार पुरवण्यांपैकी एकही गुडघ्यात नाही. त्या मनाने जोडल्या आहेत, आणि म्हणून मनाला सोडविता येतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात एक मार्मिक भेद केलेला आहे. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, निद्रा असे देहाचे तेरा वेग अडवू नयेत, अडविल्यास रोग होतात, असे तेथे म्हटले आहे. आणि त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर हे मनाचे वेग मात्र आवरावेत असे सांगितले आहे. साधारण मनुष्य नेमके उलटे करतो. भूक मारतो, झोप मोडतो, आणि क्रोधाला मोकाट सोडतो. दुखण्याच्या बाबतीतही हेच सूत्र लागू करावे. दुखणे हा देहाचा वेग आहे. त्याला वाट द्यावी, म्हणजे विश्रांती, शेक, पथ्य, जरूर ते औषध द्यावे. कुरकुर हा मनाचा वेग आहे, तो आवरावा. पतंजलींनी चित्तविक्षेपांची नऊ नावे सांगताना पहिले नाव व्याधीचे घेतले, यातही हाच इशारा आहे. व्याधी साधकाचा अंतराय होते ती चित्ताला विक्षिप्त करते म्हणून.

एक चूक

येथवरचे विवेचन ग्रंथ पाहून करता आले. यापुढचे मात्र प्रस्तुत लेखक एका चुकीतून शिकला, आणि ती चूक सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण साधक पोथी शिकावयास होता. बुद्धी चांगली, स्वभाव नम्र. दोन-तीन महिन्यांनी तो म्हणू लागला, "बाबा, वाचताना कपाळ ठणकते, अक्षरे एकात एक मिसळतात." मी त्याला म्हणालो, "तुम्ही अनुसरले आहात ना? मग कपाळ कोणाचे आणि ठणका कोणाला? स्मरण वाढवा." तो दंडवत घालून गेला. पुन्हा त्याने तक्रार केली नाही. वाचनात मागे पडू लागला, चारचौघांत वाचावयास सांगितले की तोंड चुकवू लागला. आणि मी मनात त्याच्यावर आळसाचा शिक्का मारला. वर्षभराने एका वासनिक बाईंनी त्याला शहरात नेऊन डोळे तपासविले. चष्मा लागला. आठ दिवसांत तो आमच्यात सर्वांहून शुद्ध वाचू लागला.

मी त्याला सांगितलेले तत्त्व खोटे नव्हते. जीव देहाहून वेगळा आहेच. परंतु ते तत्त्व मी त्याच्या कपाळावर वापरले, माझ्या कपाळावर नव्हे. त्याच हिवाळ्यात माझी कंबर धरली होती, तेव्हा मी शेकण्यासाठी विटा तापवून मागविल्या होत्या. देहभाव सोडण्याचा उपदेश दुसऱ्याला, आणि तापलेली वीट मला! हे आठवले की आजही खंती वाटते.

यातून एक नियम हाती लागला. वैराग्य स्वतःच्या दुखण्यापुरते वापरावे. दुसऱ्याचे दुखणे समोर आले की दया वापरावी. ज्या मार्गात मुंगीलाही पीडा होऊ नये म्हणून पाऊल जपून टाकतात, त्या मार्गात शेजारच्या आसनावरील साधकाची डोकेदुखी उपेक्षेचा विषय होऊ शकत नाही.

यावर शंका अशी की, मग स्वतःचे दुखणे अखेरपर्यंत लपवावे काय? तर तसेही नाही. मी दुखणे लपविले आणि ते बळावले, तर माझी सेवा दुसऱ्यांना करावी लागते. त्यांचे अटन, त्यांचे स्मरण माझ्या उशाशी खर्च होते. लपविण्यात पुष्कळदा धैर्यापेक्षा अभिमान अधिक असतो. म्हणून दुखणे एकदा, योग्य माणसाला, स्पष्ट सांगावे. आणि दिवसातून दहा वेळा, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना सांगू नये. सांगणे हे कर्तव्य. उगाळणे हे व्यसन.

आचारातील मर्यादा

व्यवहारात हे कसे उतरवावे, याचा थोडा निर्देश करतो.

साधे पडसे सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. ते विषाणूंमुळे होते, आणि जंतुनाशक गोळ्यांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. म्हणून त्या मागून घेऊ नयेत. ऊन पाणी, विश्रांती आणि धीर पुरे. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी व महिनोन्महिने घेतल्यास जठराला व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. एकभुक्त राहणाऱ्यांनी आणि उपवास करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गुडघा दुखतो म्हणून हालचाल अगदी बंद केली तर मांडीचे स्नायू दुबळे होऊन दुखणे वाढते. थोडे, पण नित्य चालावे. मांडी घालून बसवत नसेल तर पाटावर किंवा खुर्चीवर बसून स्मरण करावे. आसन बदलल्याने नामाला उणेपणा येत नाही.

परंतु छातीवर दडपण येणे, एक हात वा पाय अकस्मात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, कंबरदुखीबरोबर पाय बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे, महिना उलटूनही न भरणारी जखम, कारणावाचून घटणारे वजन, ही क्षुल्लक दुखणी नव्हेत. येथे सहनशीलता दाखविणे हा अविचार होय. विलंब न करता वैद्य गाठावा. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याने पाहावेत. तीही सेवाच आहे.

उपसंहार

भिक्षेची झोळी फाटली तर भिक्षुक तिला टाका घालतो. झोळी अनित्य आहे म्हणून तो ती फाटकी ठेवीत नाही, कारण मग भिक्षान्न रस्त्यात सांडेल. आणि ती उपयोगाची आहे म्हणून तिला जरीची किनारही लावीत नाही. टाका घालून तो उठतो आणि भिक्षेला निघतो. देहाचेही असेच आहे. जेथे उसवला तेथे टाका घालावा, आणि उठावे. टाका घालूनही झोळी जुनीच राहते. जुनेपणाबद्दल झोळीशी भांडू नये.

गुडघा उद्या पहाटेही दुखणार आहे. स्मरणाला बसल्यावर मन तिकडे जाईल. गेले म्हणून खेद करू नये. त्याला सावकाश नामाकडे परत आणावे. ते पुन्हा जाईल, पुन्हा आणावे. आणि आपल्या शेजारी बसलेला कोणी वारंवार आसन बदलीत असेल तर त्याला चंचल म्हणण्यापूर्वी स्मरण संपल्यावर हळूच विचारावे, "कोठे दुखते काय?" एवढे विचारणे जरी या लेखाने कोणा एकास सुचले, तरी लेखकाच्या त्या जुन्या चुकीचे थोडे परिमार्जन झाले असे तो मानील.

समस्त संत-महंत, साधक आणि सद्भक्तांस दंडवत प्रणाम.